अधिकार आणि शेवगा

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि त्या चौतीस वर्षांत 'अधिकार' हा शब्द दिवसातून किमान वीस वेळा लिहिला. 'सदर बाब या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही' हे वाक्य तर मी झोपेतही लिहीत असेन. पण प्रत्यक्ष अधिकार म्हणाल तर टाचण्यांची डबी कुठल्या खणात ठेवायची, एवढाच. त्यावरही पुढे शिपायानं हरकत घेतली.

घरातला अधिकाराचा प्रश्न तर लग्नाच्या दिवशीच निकालात निघाला. इथं एक खुलासा करायला हवा. आम्हा ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्चला जमणारा समुदाय. आणि जुन्या मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको. माझ्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे निर्णय मंडळीनं घेतलेले आहेत. कुठल्या मंडळीनं, ते वाचकांनी संदर्भावरून ओळखावं. फारसा फरक पडत नाही.

तर मी निवृत्त झालो त्या पावसाळ्यात, एका रविवारी, आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला हाच विषय घेतला: सामान्य विश्वासणाऱ्याचा आत्मिक अधिकार आणि त्याच्या जगण्याचा हेतू. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून ते म्हणाले, "तुम्ही स्वतःला सामान्य समजता. चूक! तुम्ही सगळे याजक आहात!" तिथं मराठीत 'राजकीय याजकगण' असा शब्द आहे. भाषांतरकारांच्या मनातलं राजकीय म्हणजे राजाचं, राजाला शोभेलसं. तेवढ्यात माझ्या शेजारचे गृहस्थ, जे नगरसेवकाच्या निवडणुकीला दोनदा पडलेले आहेत, ते दचकून जागे झाले आणि माझ्या कानात म्हणाले, "कुठल्या पक्षाचे?"

पाळकसाहेब रंगात आले होते. मार्टिन ल्यूथरनं 1520 साली हेच सांगितलं, म्हणाले. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच. चांभार, लोहार, शेतकरी, ज्यानं त्यानं आपापल्या कामातून दुसऱ्याची सेवा करावी. यादीत कारकून नव्हता. मी नीट लक्ष देऊन ऐकत होतो. मग ते आपल्या नारायण वामन टिळकांवर आले. हे ओघानंच. आमच्या नगरला (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच) टिळकांचं नाव निघाल्याशिवाय उपदेश संपला तर लोक जागचे उठत नाहीत. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. "अधिकाराला पगार लागत नाही!" पाळकसाहेब कडाडले. नुकतंच पेन्शनीचं प्रकरण अडकलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं.

मी घरी आलो तो जरा छाती काढूनच. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं शिष्यांना सापाविंचवांना तुडवण्याचा अधिकार दिला, हेही त्या दिवशी ऐकलं होतं. आणि देवाची विनोदबुद्धी पाहा. त्याच आठवड्यात आमच्या मोरीत विंचू निघाला. काळा, चांगला बोटभर.

"अहो, या! अधिकार वापरा!" आतून हाक आली.

मी गेलो. विंचू पाहिला. विंचवानंही मला पाहिलं असावं, कारण त्यानं नांगी वर केली. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण मी स्टुलावर होतो आणि आमच्या मंडळीनं (संदर्भावरून ओळखा) चपलेच्या एका फटक्यात प्रकरण निकाली काढलं होतं.

"तुडवण्याचा अधिकार दिलाय," ती चप्पल धूत म्हणाली, "स्टुलावर चढण्याचा नाही."

मी कारकून. आदेश संपूर्ण वाचल्याशिवाय सोडत नाही. संध्याकाळी शास्त्र काढलं. एक तर तो अधिकार बाहेर पाठवलेल्या सत्तर जणांना होता, आणि त्या सत्तरात माझी नेमणूक झाल्याचा कागद नव्हता. दुसरं म्हणजे पुढच्याच वचनात प्रभू त्यांना सांगतो की या अधिकाराचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. नाव लिहिलेलं असणं, म्हणजे हजेरीपटावर असणं, हे मला पटलं. तेवढ्यावर मी समाधानी होतो.

पण मंडळीनं (या वेळी चर्चच्या) मला पंच म्हणून निवडलं. पंचाकडे प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचं तबक बाकाबाकानं फिरवण्याचं काम असतं. इथं माझं दुखणं होतं, आणि ते तिसऱ्या बाकावर बसायचं.

दादा माझा सख्खा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आमच्यात भेटलं की 'सलाम' म्हणतात. तो चुकवायला मी उत्तरेच्या दारानं बाहेर पडायचो आणि तो दक्षिणेच्या. चर्चला दोन दारं कशासाठी असतात ते मला तेव्हा कळलं.

कारण शेवगा. झाड माझं, फांद्या त्याच्या अंगणात. एका पावसाळ्यात त्यावर सुरवंट पडले, त्याच्या नातीच्या अंगाला खाज सुटली, आणि मी कचेरीत असताना त्यानं झाड बुंध्यापासून तोडून टाकलं. न विचारता. संध्याकाळी मी फाटकात उभा राहून बोललो. त्याचे व्याही चहाला आले होते, त्यांच्यासमोर बोललो. बोलता बोलता त्याच्या वारलेल्या आईलाही सोडलं नाही. आणि ती काकू म्हणजे कोण? जिच्या हातचं खाऊन मी मॅट्रिक झालो, ती. झाड हिशेबात फार मोठं दिसत होतं तेव्हा.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. मी तबक घेऊन तिसऱ्या बाकाशी पोचलो की दुसरा पंच चपळाईनं ते माझ्या हातून घ्यायचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मग दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. पाळकसाहेब तेव्हा सभेसाठी सोलापूरला. त्यांचा फोन आला, "तुम्ही जा. प्रार्थना करून या."

"साहेब, मला अधिकार नाही."

"मग पावसाळ्यात मी काय सांगत होतो?"

"तसं लेखी मिळालं असतं तर..." पण त्यांनी फोन ठेवला होता.

दार वहिनींनी उघडलं. काही बोलल्या नाहीत, खुर्ची सरकवली. खाटेवर दादा. अकरा वर्षं ज्याच्याशी मी बोललो नाही त्याला आता बोलता येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "हे दयाळू पित्या, सदर रुग्णाच्या प्रकृतीबाबत आपणांस विनंती की, योग्य ती कार्यवाही सत्वर..." मला स्वतःलाच ऐकू येत होतं. वहिनींना हसू आलं असेल तर त्यांनी ते गिळलं. पुढं शब्द सुचेनात. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. मग मी म्हणालो, "काकूबद्दल मी बोललो, ते बोलायला नको होतं." हे देवाला म्हणालो की दादाला, ते अजून सांगता येणार नाही. प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात. मी उघडले. दादाचे उघडेच होते. त्यानं डाव्या हातानं माझी बाही धरली आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "शें... गा."

मला वाटलं, भांडण पुन्हा तिथूनच सुरू.

"शेंगा पोचतात का, विचारतायत," वहिनी म्हणाल्या.

"कसल्या शेंगा?"

आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. झाड तोडलं त्याच आठवड्यात दादानं त्याची एक फांदी आपल्या परसात रोवली होती. शेवगाच तो, रोवली की धरते. "दर साली पहिल्या शेंगा तुमच्याकडेच येतात की, भाऊजी. मागच्या भिंतीवरून. जाऊबाई घेतात."

आमेन म्हणायचं राहिलं होतं. ते म्हटलं. दादाची बाही सोडायची तयारी नव्हती, म्हणून बराच वेळ तसाच बसून राहिलो. मागं परसातून सुरवंटांचं झाड दिसत होतं, फुलोऱ्यावर आलेलं.

घरी आलो तो आमटीचा वास. मी ताटावर बसलो आणि कचेरीतल्या चौकशीच्या आवाजात विचारलं, "शेंगा कुठल्या बाजारातून आणतेस?"

"इतकी वर्षं विचारलं नाहीत ते?"

"मला सांगायचं तरी."

"खाल्ल्या नसत्यात," ती म्हणाली आणि आणखी दोन वाढल्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब दादाच्या घरी प्रभुभोजन द्यायला जाणार होते, तबक मी धरायचं ठरलं होतं. कोट चढवून निघालो, तर मागून हाक आली.

"जाताना हा डबा न्या. जाऊबाईंचा आहे. आणि रिकामा नेऊ नका, थांबा."