खेळाच्या पानाने दिलेली नजर

आर्वीच्या वाचनालयात मुंबईचा ‘महाराष्ट्र टाइम्स’ एक दिवस उशिरा यायचा. रेल्वेने पुलगावला उतरायचा आणि तिथून एसटीने आमच्यापर्यंत. सामन्याचा निकाल आकाशवाणीवर कधीच कळलेला असायचा. तरी मी आधी खेळाचं पान उघडायचो. वि. वि. करमरकरांनी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय माझ्यासाठी सामना संपायचा नाही.

विष्णु विश्वनाथ करमरकर मूळचे नाशिकचे. ‘महाराष्ट्र टाइम्स’ 1962 मध्ये सुरू झाला. मराठी दैनिकांत खेळाच्या बातम्या मिळेल त्या कोपऱ्यात बसायच्या, तेव्हा करमरकरांनी तिथे खेळाला रोजचं हक्काचं पान मिळवून दिलं. क्रिकेटचं मराठी समालोचन करणारा हा माणूस कबड्डी, खो-खो आणि कुस्तीलाही त्याच पानावर मानाने बसवायचा. आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या वाचकांना त्यातून फार मोठा धीर मिळाला. आपण खेळतो तोही खेळच आहे, हे छापून आलेलं आम्ही पाहिलं.

पुढे मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर झालो. देवळीकडच्या कुस्तीच्या दंगली, हिंगणघाट-समुद्रपूरचे रात्री रंगणारे कबड्डीचे सामने, शाळांच्या खो-खो स्पर्धा मैदानाच्या कडेला उभा राहून पाहायचो. हाताने बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि नागपूरच्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, हा नेम होता. नुसते गुण लिहून भागत नाही, हे करमरकरांना वाचून उमगलं होतं. लोण कोणत्या चढाईमुळे पडला, कोणती पोरगी सर्वांत जास्त वेळ पळाली, कोणत्या डावावर पैलवान चीत झाला, हे नावानिशी यायला हवं.

दुसरी शिकवण कठीण होती. खेळ चालवणाऱ्यांना जाब विचारण्याची हिंमत करमरकरांच्या लेखणीत होती. एका वर्षी मुलींचा खो-खोचा सामना एप्रिलच्या भर दुपारी ठेवला होता. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, पाण्याचा एक हातही मारलेला नाही. गुडघे फुटलेल्या पोरी पळत होत्या. विजेत्यांच्या नावांआधी मी मैदानाची अवस्था लिहिली. आयोजक दुखावले, बोलेनासे झाले. पण पुढच्या वर्षी सामने सकाळी झाले, आणि आदल्या संध्याकाळी मैदानावर टँकर आला.

6 मार्च 2023 रोजी करमरकर गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही. तरी माझं सगळं लिहिणं त्यांच्याच पानावर घडलं, असं मी मानतो. आज खेळाच्या पानांवर आयपीएलची गर्दी आहे, आणि पुलगावच्या पोरीची चढाई पुन्हा कोपऱ्यात सरकते आहे. ती पाहायला मुंबईहून कोणी येणार नाही. तिथे जाऊन उभं राहणं, नीट बघणं आणि त्या पोरीचं नाव अचूक लिहिणं हे जिल्ह्याच्या वार्ताहराचंच काम आहे. नव्या मुलांना मी एवढंच सांगतो: हे काम कमी समजू नका.