कॅप्स लॉकचा दिवा

स्क्रीन काळी पडली की मी आधी कॅप्स लॉक दाबते. बटणाजवळचा दिवा लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. प्रोसेसर चालू आहे, डिस्क बहुधा शाबूत आहे, फायली होत्या तिथेच असणार. हे सगळं डोळ्यांपुढे मांडणारा थर तेवढा उभा राहिलेला नाही. दिवा आपला आपणच लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक, आणि दाबून काहीच होत नसेल तर दुखणं खोलवरचं. पण ग्राफिक्स ड्रायव्हर न बसल्यामुळे जो काळोख येतो, त्यात हा दिवा बहुधा लागतो. म्हणून फोनवर कुणी घाबऱ्या आवाजात बोलू लागलं की माझा पहिला प्रश्न या दिव्याबद्दल असतो.

कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फॉरमॅट मारू का? दुरुस्तीच्या दुकानांनी वर्षानुवर्षं हेच औषध दिलंय आणि लोकांच्या ते अंगवळणी पडलंय. मला त्याचा राग येतो. फॉरमॅटमध्ये कामाच्या फायली जातात हे तर आहेच. पण बिघाड का झाला याचा पुरावाही त्यांच्याबरोबर पुसला जातो. मग पुढच्या अपडेटला तोच काळोख पुन्हा दारात उभा. लिनक्स मशीन आपल्या दुखण्याची नोंद इतक्या बारकाईने ठेवतं की ती न वाचता सगळं पुसून टाकणं हा मला त्या मशीनवरचा अन्याय वाटतो.

सांगलीच्या एका संशोधक मुलीचा असाच फोन आला होता. द्राक्षाच्या पानांचे फोटो पाहून रोग ओळखणारं मॉडेल ती तयार करत होती, आणि त्यासाठी तिच्या डेबियन मशीनमध्ये एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. सकाळी मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एक आडवी रेघ, बाकी काही नाही. दिवा लागत होता. मी म्हटलं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 एकदम दाब. अक्षरी लॉगिन समोर आलं, तिने नाव आणि पासवर्ड टाकला, फोल्डरांची यादी काढली आणि पाठोपाठ तिचा आवाज चढला. ‘‘ताई, फोल्डरची नावं गेली! सगळ्या चौकटी दिसतायत!’’

तिने फोल्डरांना मराठी नावं दिली होती. कर्नलच्या या साध्या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर 512 चिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, जोडाक्षरं जुळवायची सोय तिथे नाही. नावं डिस्कवर जशीच्या तशी होती; कन्सोलला ती काढता येत नव्हती, इतकंच. हे तिला पटवण्यात थोडा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. समोरच्या माणसाचं काळीज धडधडत असताना त्याच्याकडून कमांड टाइप करून घेऊ नये.

त्यानंतर आम्ही फक्त वाचलं. सुरुवातीला काहीही बदलायचं नाही, हा माझा नियम आहे आणि त्यावर मी हट्टाने अडून बसते. युनेम सांगतं कोणतं कर्नल चालू आहे. ते नवं निघालं. एलएसपीसीआय ‘के’ लावून चालवलं की प्रत्येक कार्डाखाली त्याला सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव येतं. ग्राफिक्स कार्डाखाली ती ओळच नव्हती. पॅकेजं बसवणाऱ्या ॲप्टच्या इतिहासाच्या फायलीत आदल्या रात्री हे कर्नल आपोआप येऊन बसल्याची नोंद होती. शेवटी डीकेएमएसचं स्टेटस पाहिलं. ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं, नव्यासाठी नाही. एवढ्यावरून निदान झालं.

हे मॉड्यूल कर्नलच्या अंगाला बेतून शिवलेल्या कपड्यासारखं असतं. कर्नल बदललं की नव्या मापाने पुन्हा शिवावं लागतं. हे शिवणकाम आपोआप करणारी यंत्रणा म्हणजे डीकेएमएस, मूळची डेल कंपनीत घडलेली. आणि मापांची वही म्हणजे कर्नलची हेडर्स. या मुलीने ड्रायव्हर बसवताना त्या वेळच्या कर्नलपुरतीच हेडर्स घेतली होती. पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर नवी हेडर्स आणणारं जे सर्वसाधारण पॅकेज असतं, ते नव्हतंच. वही नाही म्हणून मॉड्यूल नाही, मॉड्यूल नाही म्हणून ड्रायव्हर नाही.

मुळात हा ड्रायव्हर बाहेरून का शिवावा लागतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात. एएमडीने 2007 पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती उघड करायला सुरुवात केली, आणि तिचा आजचा ड्रायव्हर 2015 पासून कर्नलचाच भाग आहे. एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर अनेक वर्षं बंद ठेवला. 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर त्यावरून केलेला संताप जगभर गाजला. माझा आदर मात्र नूव्हो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी राखलेला आहे. मूळ ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते कान देऊन ऐकत, त्यावरून कार्डाची भाषा उलगडत त्यांनी मोकळा ड्रायव्हर घडवला आणि 2010 मध्ये तो कर्नलच्या 2.6.33 आवृत्तीत आला. 2022 च्या मे महिन्यात एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. जुन्या कार्डांची माणसं अजून त्या भिंतीपलीकडेच आहेत, आणि अशी माणसं आपल्या शाळा-कॉलेजांत भरपूर आहेत.

निदान झाल्यावर उपाय सोपा होता. रीबूट, सुरुवातीला येणाऱ्या ग्रबच्या यादीतून प्रगत पर्याय, त्यातून मागचं कर्नल. डेस्कटॉप समोर आला, फोल्डरांची नावं मराठीत दिसली. नवं कर्नल आलं तरी जुनं जपून ठेवायचं, ही डिस्ट्रिब्यूशन घडवणाऱ्यांची दूरदृष्टी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मग हेडर्सचं ते सर्वसाधारण पॅकेज टाकलं, डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलं आणि पुढच्या बूटला नवं कर्नलही नीट उठलं.

जुनं कर्नलही उठलं नसतं तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहून, कंट्रोल-एक्सने पुढे गेलो असतो. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतात आणि साधं, ओबडधोबड चित्र तरी मिळतं. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. घाबरलेल्या माणसाच्या हाती देण्याजोगी साधनं अशीच असावीत. चुकलं तरी पुढच्या बूटला त्याची खूण उरत नाही.

सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर आणखी एक फास असतो. मॉड्यूल व्यवस्थित बांधलेलं असतं, पण त्यावरची सही मशीनच्या ओळखीची नसते, आणि कर्नल ते आत घेत नाही. सही ओळखीची करून घ्यायला रीबूट करताना एक निळी पाटी येते आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायला सांगते. ती पाटी पाहून माणसं बिचकतात, हात मागे घेतात, दहा सेकंद निघून जातात आणि सगळं पहिल्यापासून. ती येणार आहे हे मी आधी तीनतीनदा सांगते.

आणि पॉवरचं बटण दाबून धरू नका. कन्सोलही येत नसेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं सावकाश, एकामागून एक दाबा: पहिल्याने अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, दुसऱ्याने डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते, तिसऱ्याने मशीन रीबूट होतं. हे अनेक डिस्ट्रिब्यूशनांत चालतं, पण सगळ्यांत नाही. लॅपटॉपवर कधी कधी एफएन बटणही सोबत धरावं लागतं.

त्या दिवशी चाललेल्या कमांड मी तिला एका फाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगितल्या, प्रत्येकीसमोर ती काय दाखवते हेही. पुढच्या वेळी कर्नल आलं तेव्हा फोन आला नाही, मेसेज आला: ‘‘ताई, नवं कर्नल बसलंय. डीकेएमएस स्टेटसमध्ये मॉड्यूल दोन्हींसाठी दिसतंय. ट्रेनिंग संपलं की रीबूट करते.’’