स्लाइडच्या तळाशी

घरात दखनी, शाळेत मराठी, मशिदीत उर्दू आणि कंपनीत इंग्रजी. चार जबानी सांभाळता सांभाळता आमची हयात गेली. मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, डिप्लोमा केला आणि पुण्याजवळ भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. १९९१ नंतर वारं बदललं. परदेशी गिऱ्हाइकं येऊ लागली, मिटिंगा इंग्रजीत होऊ लागल्या. आम्ही मॅनेजर झालो तेव्हा साहेबांनी बजावलं, "काम येतं तुम्हाला, पण मांडता येत नाही. कम्युनिकेशन सुधारा."

आम्ही मनावर घेतलं. रविवारचा क्लास लावला. टाय बांधायला शिकलो. रात्री आरशापुढं उभं राहून इंग्रजी बोलायचो. बायको हसायची, "अब तो आयने कू बी अंग्रेजी आ गई होएंगी!" २००१ साली कंपनीत प्रोजेक्टर आला आणि आमची पॉवरपॉइंटशी दोस्ती जमली.

त्याच वर्षी पॉवर प्रेसवरचे एक ऑपरेटर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. वयानं मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. म्हणाले, "साब, मशीन डबल मारतीय. किसी का हात जाएंगा."

पायडल एकदा दाबलं की प्रेस एकदाच खाली यायला हवा. क्लचची की झिजली तर तो न सांगता दुसऱ्यांदा उतरतो. तेवढ्यात हात आत असला, तर संपलंच. धोक्याच्या यंत्राला गार्ड हवा, असं तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्यातही होतं. पण प्रेस बंद ठेवायची परवानगी वरून घ्यावी लागे. ती मागणं आमचं काम होतं.

महिन्याच्या मिटिंगसाठी आम्ही २२ स्लाइड केल्या. उत्पादन, रिजेक्शन, डिलिव्हरी, रंगीत आलेख. चाचांचं वाक्य गेलं सतराव्या स्लाइडवर, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. त्या इंग्रजीचं मराठी करायचं तर असं होईल : 'प्रेसच्या सुरक्षेबाबत काही निरीक्षणे, पुढील कार्यवाही विचाराधीन.' त्यात ना हात होता, ना माणूस. टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली, "आता जमलं तुम्हाला!"

दोष इंग्रजीचा नव्हता, आमच्या मनातल्या भीतीचा होता. चाचा आमच्यातले. त्यांच्यासाठी आवाज चढवला तर 'आपल्या माणसाची बाजू घेतो' असं कुणी म्हणेल, ही ती भीती. कुणी म्हटलं नव्हतं. न बोललेलं आम्हीच ऐकलं, आणि बोललेलं दडवलं.

तीन महिन्यांनी चाचांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळात त्यांनी विचारलं, "साब, तुम उपर बोले थे ना?"

आम्ही म्हणालो, "हां चाचा."

ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

१ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान कोसळलं. कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा साथीदार गेले. उड्डाणावेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच इंजिनिअरांनी त्यावर स्लाइड दाखवल्या होत्या. त्यांतल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा असल्याचा हिशेब मात्र अगदी तळाशी होता. ऑगस्टमधल्या चौकशी अहवालानं या स्लाइडबाजीवर बोट ठेवलं. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढं आमचीच सतरावी स्लाइड उभी राहिली.

त्यानंतर आम्ही चार नियम केले. काय ठरवून हवं आहे, ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. धोका असेल तर तो पहिल्या स्लाइडवर, आणि ज्यानं पाहिला त्याच्याच शब्दांत. शक्य असेल तर त्या कामगारालाच मिटिंगला न्यायचं आणि आपण फक्त दुभाषी व्हायचं. शेवटी ऐकणाऱ्याला विचारायचं, "मी काय मागितलं, सांगाल?" त्याला सांगता आलं नाही, तर आपलं बोलणं झालंच नाही असं समजायचं.

आता आम्ही निवृत्त आहोत. मोहल्ल्यातली मुलं इंटरव्ह्यूच्या तयारीला येतात. टाय, उभं राहणं, नजर हे सगळं शिकवतो. त्याची गरज असतेच. पण आधी म्हणतो, "बेटा, घरच्या जबानीत सांग. तिथं स्पष्ट नसेल तर इंग्रजीत कुठून येणार?" आपली मुलं हुशार आहेत. पण सभेत आपलं ओझं कुणाला नको म्हणून ती आवाज उतरवतात. हा उतरलेला आवाज आम्ही ओळखतो.

चाचांच्या अपघातानंतर क्लच दुरुस्त झाला, गार्ड बसला. त्यांना स्टोअरमध्ये बसतं काम मिळालं. पुढं एका ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा घेताना आम्ही सतराव्या स्लाइडचं सगळं सांगून टाकलं. ते समजावताना एकही अवघड शब्द लागला नाही.

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मैं बोल्या सो लफ्ज काय कू बदले, साब?"

वाटी हातात तशीच राहिली. एवढ्या ट्रेनिंगांत या सवालाचा जवाब कुणी शिकवला नव्हता.