डावीकडचं सांडतं

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप आणि समोर खाकी कव्हर घातलेलं एक जर्नल. वर निळ्या शाईत लिहिलंय: 'संगणक प्रोग्रॅमिंग, तृतीय वर्ष वाणिज्य, १९९०-९१'. जर्नल आईचं आहे. ते घरात आहे हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. मी मेकॅनिकल इंजिनियर. म्हणजे डिग्रीवर तसं लिहिलंय :) २०१९ मध्ये कॅम्पसमधून एका आयटी कंपनीत लागलो आणि ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या वाट्याला मेनफ्रेम आलंय. शेजारच्या बॅचला जावा, त्याच्या पलीकडच्या बॅचला पायथन, आणि आम्हाला कोबॉल! काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. मित्र लिंक्डइनवर मशीन लर्निंगची सर्टिफिकेटं टाकत होते आणि मी आईबाबांच्याही आधी जन्मलेली भाषा शिकत होतो. कुणी विचारलं तर 'बँकिंग डोमेनमध्ये आहे' असं मोघम सांगून विषय बदलायचो.

ही भाषा १९५९ साली अमेरिकेत एका समितीने ठरवली. सरकार, लष्कर आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या होत्या. ग्रेस हॉपर यांच्या फ्लोमॅटिक या भाषेचा पाया घेतला होता. हॉपरबाईंचं म्हणणं असं की धंद्यातल्या माणसांना गणिती चिन्हं वाचायला लावू नका, साध्या इंग्रजी शब्दांत लिहू द्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनांवर चालवून दाखवला. आज यात काय विशेष असं वाटेल, पण त्या काळी मशीन बदललं की बहुतेक वेळा सगळं नव्याने लिहावं लागायचं.

कोबॉलच्या प्रोग्रॅमचे चार भाग असतात. पहिल्यात प्रोग्रॅमची ओळख, दुसऱ्यात तो कुठल्या मशीनवर आणि कुठल्या फायलींवर चालणार ते, तिसऱ्यात डेटा आणि चौथ्यात प्रोसिजर. शेवटचे दोन म्हणजे पाककृतीच्या पुस्तकातलं 'साहित्य' आणि 'कृती'. साहित्यात प्रत्येक गोष्टीचं माप आधी सांगायचं. हा आकडा पाच अंकी, पुढे दोन दशांश. हे नाव तीस अक्षरांचं. जेवढं माप सांगाल तेवढीच जागा.

माझा घोळ झाला तो याच मापात.

महिनाअखेरच्या एका रिपोर्टमध्ये मला नवीन रकाना घालायचा होता. रक्कम एक लाखाच्या आतच असते असं समजून मी पाच अंकी जागा ठेवली. टेस्टिंगच्या डेटात सगळ्या रकमा लहानच होत्या. सगळं हिरवं. महिनाअखेरीला जॉब शून्य रिटर्न कोड देऊन व्यवस्थित संपला आणि मी झोपलो. सकाळी क्लायंटचा मेल. एकूण बेरीज जुळत नाही, फरक बरोब्बर तीन लाख डॉलरचा!

तीन खात्यांच्या रकमा एक ते दोन लाखांच्या मधल्या होत्या. १,२३,४५६ ही रक्कम पाच अंकी जागेत टाकली की कोबॉल मुकाट्याने २३,४५६ ठेवतं. गणित करताना 'ऑन साइझ एरर' असं लिहून सावध राहता तरी येतं, पण नुसत्या 'मूव्ह'ला तेही नाही. पैसे कुठे गेले नव्हते, चुकला होता फक्त रिपोर्ट. पण त्या दिवशी कॉन्फरन्स कॉलवर चौदा माणसं होती आणि सगळ्यांना माझं नाव कळलं.

त्या शुक्रवारी रात्री पुण्याहून साताऱ्याला घरी गेलो. जेवताना गप्पच होतो. आईने विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही. ऑफिसचं आहे. तुला नाही कळायचं ते."

"सांग तरी."

मी वैतागून सांगितलं. आकडा मोठा होता, जागा लहान होती. तिने ताटातली आमटी संपवली आणि म्हणाली, "मग डावीकडचं सांडलं असेल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. जेवण झाल्यावर तिने बाबांना माळ्यावर चढवलं, ट्रंक काढायला लावली, आणि हे जर्नल माझ्या हातात आलं.

आईच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला हा ऐच्छिक विषय होता. कॉम्प्युटर चार, मुलं चाळीस. आठवड्यातून अर्धा तास मशीन मिळायचं, तेही तिघांत एक. त्यामुळे प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा. जर्नलमध्ये ८० चौकटींचे कोडिंग शीट चिकटवलेत. पहिल्या सहा चौकटी ओळीच्या नंबराला, सातवी शेऱ्याच्या तारकेला, आठवीपासून एक भाग, बारावीपासून दुसरा, आणि ७२ च्या पुढे काही लिहायचं नाही. हे ८० म्हणजे पंच कार्डाचे ८० रकाने. कार्डं जाऊन जमाना झाला होता, चौकटी मात्र राहिल्या. मग कागदावरच एकेक ओळ 'चालवून' बघायची, आणि मगच मशीनसमोर बसायचं. मी दिवसातून शंभरदा कंपाइल करतो. तिच्याकडे आठवड्याला अर्धा तास होता.

असाइनमेंट बघा: पगारपत्रक, गोदामातला साठा, विजेचं बिल, विभागवार विक्री आणि प्रत्येक विभागाखाली बेरीज. मास्टर फाइल आणि ट्रान्झॅक्शन फाइल कशा जुळवायच्या हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायला आठवडा लागला होता. आईने एका वाक्यात सांगितलं, "अरे, रोजकीर्दीवरून खतावणी करायची. दुसरं काय?"

खरंच की! ही भाषा मुळात हिशेब ठेवणाऱ्यांसाठीच होती. आजही कितीतरी भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ ची साधी बेरीज केली तर ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ येतो, कारण आत सगळं बायनरीत चालतं. कोबॉल दशांशातच मोजू शकतं, पैशाला पैसा. त्यामुळे ते अजून टिकून आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीत बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांना टीव्हीवर कोबॉल जाणणारी माणसं मागावी लागली होती.

जर्नलच्या अकराव्या पानावर, सरांनी सांगितलेलं म्हणून आईने दोनदा अधोरेखित केलंय: 'घेणारा डबा लहान असेल तर डावीकडचं सांडतं. आवाज होत नाही. शेवटी बेरीज दोन्ही बाजूंनी जुळवा.' माझा तीन लाखांचा घोळ, माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी लिहून ठेवलेला!

"मग पुढे काय केलंस?" मी विचारलं.

"मुंबईला एका ठिकाणी ट्रेनी म्हणून घेणार होते. राहायची सोय नव्हती. मग इथेच पतसंस्थेत लागले." तिथे तिने तीस वर्षं लेजर लिहिली, हे मला माहीत होतं. नवीन होतं ते पुढचं. २००४ मध्ये संस्थेत कॉम्प्युटर आले तेव्हा तिने 'मी बसते' म्हणून सांगितलं. मॅनेजर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं ते." आणि नवीन लागलेल्या मुलाला बसवलं.

ती हे अगदी सहज सांगत होती, लसूण सोलता सोलता. मला मात्र जेवताना बोललेलं माझंच वाक्य आठवलं. शब्दाला शब्द तेच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर ग्नू-कोबॉल टाकलं, फुकट मिळतं. आईचं पगारपत्रक मी टाइप केलं. चालेना. ती चष्मा लावून शेजारी बसली. "सत्तावीस नंबरच्या ओळीत पूर्णविराम खाल्लायस." बरोबर! मग चाललं. चालू वर्ष म्हणून मी २५ भरलं, कामगाराचं रुजू वर्ष ८८. तिने वर्षाला दोनच अंकांची जागा ठेवली होती, तेव्हा सगळेच ठेवायचे. पंचवीसातून अठ्ठ्याऐंशी गेले, जागेत उणे चिन्ह मावेना, आणि उत्तर आलं: सेवा ६३ वर्षं.

"६३ वर्षं! त्याची पेन्शनपण संपली असेल," म्हणत ती इतकी हसली की बाबा बाहेरून बघायला आले.

मग तिने ती जागा चार अंकी केली. स्वतः, एका बोटाने टाइप करत. मी हात मागे घेऊन बसलो होतो. ३७ आलं.

असो. चहा गार झालाय. आज तिला विजेच्या बिलाचा प्रोग्रॅम करायचाय. नवे दर कागदावर लिहून तयार आहेत, मशीनसमोर बसायच्या आधी.