कलिनाची शेल्फ-लाइफ

तुमच्या डिग्री सर्टिफिकेटवर ‘मुंबई विद्यापीठ’ असं छापलंय ना? मग एक साधा सवाल. विद्यापीठाच्या लायब्ररीत तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? बरं, पहिल्यांदा तरी?

लाजू नका, तुम्ही एकटे नाही. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड... उपनगरातल्या पोरापोरींचं कॉलेज घरापासून दोन-तीन स्टेशनांत आटोपतं. विद्यापीठाशी गाठ पडते ती हॉलतिकिटावर, रीव्हॅल्युएशनच्या फॉर्मवर आणि फार तर एखादं सर्टिफिकेट आणायला कलिनाला मारलेल्या चकरेत. त्या चकरेत रांग दिसते, लायब्ररी दिसत नाही. पुढे बीकेसीत नोकरी लागते, रिक्षा रोज विद्यापीठाच्या कुंपणाशेजारून जाते आणि आपण मोबाइलवर मीटिंगची वेळ बघत असतो.

तर या वीकेण्डला मॉलला जरा सुट्टी द्या. सांताक्रूझ पूर्वेला, एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला बीकेसीच्या काचा अशा बेचक्यात विद्यानगरी नावाचा दोनशे एकरांहून मोठा कॅम्पस पसरलाय. मुंबईत इतकी झाडं आणि इतकी शांतता एकाच कुंपणात मिळणं म्हणजे लॉटरीच. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जातं, तेवढं सोडा.

फोर्टचा थाट, कलिनाचं काम

विद्यापीठाची लायब्ररी म्हटलं की फोटो येतो तो फोर्टचा. राजाबाई टॉवर, रंगीत काचा, गोल जिने. त्याची गोष्टही फिल्मी आहे. कापसाच्या आणि शेअरच्या तेजीचा बादशहा प्रेमचंद रायचंद यानं १८६४ साली लायब्ररीसाठी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख. अट एकच, टॉवरला आईचं नाव. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात सापडले. पण देणगी देऊन झाली होती. नकाशे काढले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. (वर्क फ्रॉम होम आपण शोधलं असं कुणाला वाटत असेल, तर असो.) २८० फूट उंचीचा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला आणि २७ फेब्रुवारी १८८० रोजी लायब्ररी वाचकांसाठी उघडली. हीच तारीख पुढे, १९१२ साली, कुसुमाग्रजांच्या जन्माची ठरली आणि आज ती मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरी होते. निव्वळ योगायोग, पण झकास.

त्या इमारतीची निगुतीनं दुरुस्ती झाली, २०१५ मध्ये ती पुन्हा नव्यासारखी दिसू लागली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाबरोबर जागतिक वारसा यादीत गेली. छानच झालं.

कलिनाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाच्या वाट्याला असलं ग्लॅमर आलं नाही. विद्यापीठाचे विभाग एकेक करून फोर्टमधून उपनगरात सरकले, त्यांच्या मागोमाग पुस्तकंही आली. आजूबाजूला रानडे भवन आहे. मराठी विभाग तिथलाच. न्यायमूर्ती रानडे या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतले, १८६२चे बी.ए., आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी म्हणून १९०१ साली जाईपर्यंत खटपट करणारे. पत्रद्वारा शिक्षणाचं खातंही याच कॅम्पसवर. १९७१ साली सुरू झालेलं, तुमच्याआमच्या तोंडी ‘आयडॉल’. दिवसा नोकरी करून रात्री एम.कॉम. करणाऱ्या निम्म्या अंधेरीचा पत्ता हाच. म्हणजे कलिनाचा खरा वाचक हा गाऊन घातलेला स्कॉलर नाहीये. तो ६:४०ची विरार सोडून आलेला, डबा खाऊन नोट्स काढणारा तुमच्यासारखाच कुणीतरी आहे.

आणि कलिनाच्या बातम्या यायच्या त्या वेगळ्याच. जुन्या इमारतीची दुरवस्था आणि तिच्यातल्या पुस्तकांचे हाल यावर मागच्या दशकात पेपरांनी वारंवार लिहिलं. नवी इमारत उभी राहिली, ती वापरात यायला वेळ लागला, त्याच्याही बातम्या झाल्या. एकाच विद्यापीठाच्या दोन लायब्रऱ्या, पण एकीसमोर सेल्फी आणि दुसरीच्या नावानं हळहळ.

पडद्यामागचं खातं

लायब्ररीत गेल्यावर आपण काय बघतो? टेबलं, पंखे, नेट-सेट आणि एमपीएससीची तयारी करणारी वाकलेली डोकी आणि देवघेवीचा काउंटर. पण खरी मजा काउंटरच्या मागे असते. तिथपर्यंत आपली नजरच जात नाही.

एक पुस्तक विकत घेतलं की ते थेट रॅकवर जात नाही. आधी दाखल नोंदवहीत (हल्ली कॉम्प्युटरवर) त्याला दाखल क्रमांक मिळतो. हा त्याचा आधार नंबरच म्हणा. मग वर्गीकरण. एवढ्या पुस्तकांतून तुमचं पुस्तक दोन मिनिटांत हाती येतं ते पाठीवरच्या वर्गांकामुळे. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थानं १८७६ साली दशांश पद्धत काढली आणि जगभरच्या हजारो लायब्रऱ्या आजही त्यावर चालतात. गंमत बघा, या पद्धतीत अमेरिकन साहित्याला ८१०पासूनचा आख्खा मजला, इंग्रजीला ८२०चा. आणि मराठी? ८९१.४६. दशांश चिन्हाच्या पलीकडे, भावंडभाषांबरोबर दाटीवाटीनं. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. चाळीतल्या खोल्याच त्या! आपल्याकडच्या शियाळी रामामृत रंगनाथन यांना, जे मुळात मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, हे असलं काही पटलं नाही. त्यांनी १९३३ साली स्वतःची द्विबिंदू पद्धत काढली. त्यांची आठवण म्हणून १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन असतो.

विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांचं कॅलेंडर या अशा दिवसांवर फिरतं. जून-जुलैत नव्या विद्यार्थ्यांना लायब्ररीची ओळख. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन, ग्रंथप्रदर्शन. २७ फेब्रुवारीला मराठीचा सोहळा. यातलं बरंचसं फित कापणं आणि फोटो असतं, हे मान्य. पण प्रदर्शनाच्या निमित्तानं एरवी बंद कपाटात असलेल्या गोष्टी टेबलावर येतात, म्हणून मला ते दिवस आवडतात. जायचंच असेल तर त्या दिवसांत जा.

मधल्या काळात एक नवंच काम या खात्याच्या गळ्यात पडलंय. कॉपी-पेस्ट पकडण्याचं. यूजीसीनं २०१८ साली नियम केले: पीएच.डी.च्या प्रबंधात दुसऱ्याशी जुळणारा मजकूर दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सुधारून परत आणा. चाळीस ते साठला एक वर्षाची बंदी. साठच्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढून तो टक्का शोधण्याचं काम बहुतेक विद्यापीठांत लायब्ररीकडे आलं. त्यामुळे जो ग्रंथपाल पूर्वी ‘हे पुस्तक वाच’ म्हणायचा, तोच आता ‘हे कुठून उचललंस?’ विचारतो. पॉवरपॉइण्टच्या स्लाइड्स इकडच्या तिकडे फिरवण्यावर ज्यांचं अप्रेझल ठरतं, त्यांनी हा आकडा एकदा स्वतःवर लावून बघावा!

तपासून झालेले प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतात. हे मात्र प्रत्येकाला माहीत असायला हवं. देशभरच्या विद्यापीठांतले लाखो प्रबंध, कुठलंही कार्ड नको, फी नको. गिरणगाव, कोळीवाडे, मराठी रंगभूमी... बोरिवलीच्या घरात पायजम्यावर बसून वाचा.

दोन बातम्या

आता मुद्द्याचं. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन महिन्यांच्या आत, दिल्लीतून दोन बातम्या आल्या. ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. पेढे वाटले गेले. २५ नोव्हेंबरला त्याच मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तिचे पेढे कुणी वाटले नाहीत. पण विद्यापीठाच्या लायब्ररीसाठी ही बातमी प्रचंड मोठी. तीस प्रकाशकांची मिळून सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि केंद्र-राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांना ती स्क्रीनवर खुली. १ जानेवारी २०२५पासून सुरुवातही झाली. एकेका परदेशी जर्नलची वर्गणी भरताना जिथे लायब्ररीचं बजेट घामाघूम व्हायचं, तिथे ही क्रांतीच म्हणायला हवी.

फक्त या १३ हजारांत आपल्या कामाचं किती? रसायनशास्त्र, मेडिसिन, मॅनेजमेंट यांची चंगळ आहे. पण १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षं चाललेलं ‘विविधज्ञानविस्तार’ कुठला आंतरराष्ट्रीय प्रकाशक विकणार? १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेलं ‘मनोरंजन’, ज्यानं १९०९ मध्ये मराठीला दिवाळी अंकाची सवय लावली, ते? १९८२ साली बंद पडलेलं ‘सत्यकथा’? काहींचे अंक कुणी कुणी स्कॅन केलेत, पण तुकड्यातुकड्यांत. बाकीचं जे आहे ते कागदावर, कुठल्या ना कुठल्या लायब्ररीच्या नियतकालिक विभागात, बांधलेल्या खंडांमध्ये.

आणि कागद थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यात आम्ल असतं. तो आपसूक पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. त्यात आपली हवा. २६ जुलै २००५ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो मोजला गेला सांताक्रूझच्या वेधशाळेत, म्हणजे कलिनाच्या अगदी शेजारी. ते वर्ष सोडा, साध्या पावसाळ्यातही इथली हवा पुस्तकाला सोसत नाही. पानं फुगतात, बुरशी धरते, वाळवीला आमंत्रण जातं. मग कुणीतरी खंड बाहेर काढायचा, झाडायचा, सुटलेलं पान जपून चिकटवायचं, बाइंडरकडे द्यायचा, परत आला की पानं मोजून जागेवर ठेवायचा. यातलं एकही काम उद्घाटन करण्याजोगं नाही. फित कापायला त्यात जागाच नसते.

माझं म्हणणं इतकंच, की परदेशी जर्नल्स स्क्रीनवर गेल्यामुळे जी जागा, जो पैसा आणि जी माणसं मोकळी होतील, ती या खंडांकडे वळवा. अभिजात दर्जाचा खरा हिशेब तिथे होईल. जर्नलचा सर्व्हर बंद पडला तर तो दुरुस्त करायला जगभरचे इंजिनीअर आहेत. १९११च्या मासिकाचं शेवटचं पान गळून पडलं तर ते उचलणारा एकच माणूस असतो, आणि त्याची जागा रिटायर झाल्यावर भरली जाते की नाही हा विद्यापीठाच्या पगारपत्रकाचा प्रश्न असतो.

आपण काय करू शकतो? फार काही नाही, पण एक गोष्ट नक्की. मागणी. जुना खंड कुणी मागितला की तो कपाटातून बाहेर येतो, त्याची धूळ झटकली जाते, त्याची अवस्था कुणाच्या तरी नजरेस पडते. वर्षानुवर्षं कुणीच न मागितलेल्या पुस्तकाकडे वाळवीशिवाय कुणी लक्ष देत नाही. तेव्हा जा आणि मागा. आपल्या आजोबांच्या जन्मवर्षाचं एखादं मासिक. जाहिराती वाचा आधी, कथा नंतर. केसांची तेलं आणि शक्तिवर्धक गोळ्या बघून हसू आवरणार नाही.

कसं जाल?

घाटकोपर, अंधेरी, वर्सोव्याकडून मेट्रो १ पकडा, मरोळ नाक्याला मेट्रो ३मध्ये बदला आणि सांताक्रूझला उतरून रिक्षा करा. बोरिवलीकरांनी वेस्टर्न लाइननं सांताक्रूझ पूर्व. मुलुंडकरांनी कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा, आणि सीएसटी रोडच्या ट्रॅफिकसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे सकाळी कलिना आणि दुपारी हुतात्मा चौकाला उतरून राजाबाई टॉवर, अशी दोन्ही भावंडं एका दिवसात बघता येतात.

बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम, फी आणि वेळा बदलत असतात. निघण्याआधी चौकशी करा, ओळखपत्र आणि जुनी मार्कशीट बरोबर ठेवा. बॅग बाहेर ठेवावी लागेल. पेनऐवजी पेन्सिल घ्या. जुन्या कागदाजवळ शाई नको, हा जगभरच्या ग्रंथपालांचा लाडका नियम आहे. आणि रॅकवरून काढलेलं पुस्तक स्वतः परत लावायला जाऊ नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.