शिरगावचा मुक्काम आणि वजनाचा हिशेब

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने सोमाटणे फाट्याला वळलं, की शिरगावची प्रतिशिर्डी जवळच. मुंबईकडून निघालात, तर आधी बोरघाट चढायचा आणि परतताना तोच उतरायचा.

हल्ली पिकअपवर राहण्याचा डबा बसवून सहकुटुंब निघायची हौस वाढते आहे. मैत्रिणींनो, निघण्याआधी गाडीचं आर.सी. पुस्तक उघडा बरं! एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, की उरतो तो भार.

समजा, 2,800 वजा 1,600, म्हणजे 1,200 किलो. डबा 800, चार माणसं 240, शंभर लिटर पाणी 100. झाले 1,140! भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे 30 किलोचा. मग अंथरुणं, भांडी, शिधा मिळून उरले अवघे 30.

म्हणून पाणी तळेगावला भरा, घरून नको. जादा भाराने घाटउतारावर ब्रेक तापतात, टायर फुटतात. डबा बसवायला आर.टी.ओ.ची परवानगी घ्या आणि गाडी चालू असताना मुलांना डब्यात मुळीच बसवू नका. दर्शन निवांत घडावं, तसंच घरी परतणंही सुखरूप व्हावं, नाही का?