सरळ विचारावं

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज गौरी आल्या. कॅनॉलच्या कडेच्या त्या घरात मात्र मुखवटे दुपारपर्यंत फडक्यात गुंडाळलेलेच होते. मुलगा नुकताच बारामतीच्या दवाखान्यातून घरी आलाय. गावात सांगितलंय, पोट बिघडलं होतं. (नाव या वहीतही लिहिणार नाही.)

मावशींनी मला मागच्या दाराशी नेलं. "पोलीस येतील का गं आशाताई?" दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, तेवढ्यानं घर धास्तावलंय. मी त्यांना बसवून समजावलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधला, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याला शिक्षा नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही १ जुलैपासून गेलं. "म्हंजे गुन्हा न्हाई?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. नाही मावशी. आजार आहे, औषधपाणी करायचं.

आजच जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. जनजागृती करा असा निरोप आला होता. या घरापुरती तरी झाली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्यावर संध्याकाळी परत गेले. तो ओट्यावर बसला होता, ताटलीतली करंजी तशीच. ऊस कसा आहे, पाण्याची पाळी आली का, असं थोडं बोलून मी सरळच विचारलं, "दादा, अजून मरावंसं वाटतं का?"

वहिनी दचकल्या. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, असं सगळ्यांनाच वाटतं. प्रशिक्षणात आम्हाला नेमकं उलटं शिकवलं, आणि अभ्यासांतही तेच दिसलंय: विचारल्यानं विचार वाढत नाही, माणूस मोकळा होतो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "दिवसा न्हाई वाटत ताई. रात्रीची लाईट आसती तवा. मोटर चालू करून बांधावर एकटा बसलो की सुरू होतं."

हे विचारल्याशिवाय कळलं असतं का? कर्ज, ऊस, घरातली भांडणं यांवर गावानं तासन्‌तास बोलून घेतलं होतं. धोक्याची वेळ मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. या विचारांची लाट येते, चढते, ओसरते. चढलेली असताना जवळ माणूस हवा आणि हाताशी घातक काही नको. रात्रीचं पाणी आता धाकटा भाऊ धरेल. फवारणीची सगळी औषधं त्यानं आजच स्वतःच्या घरी नेऊन कुलपात ठेवली, किल्ली त्याच्याकडेच. भावानं एका शब्दानं कुरकुर केली नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२चे आकडे वाचले: देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात महाराष्ट्रात २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. बैठकीत हे आकडे वाचून दाखवले की बायका हळहळतात, पण कुणी आपल्या घरातलं सांगत नाही.

मला दुसरा एक अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच ठिकाणी केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना त्यासोबत तासभर नीट माहिती दिली आणि पुढे १८ महिन्यांत नऊ वेळा कुणीतरी फोन केला किंवा घरी जाऊन चौकशी केली. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के होते, चौकशी झालेल्या गटात ०.२ टक्के.

घरी जाऊन "कसं आहे" म्हणून विचारणं, एवढंच! हे तर आमचं रोजचं काम. बाळंतिणीकडे जातो, टीबीच्या पेशंटकडे जातो. मग दवाखान्यातून असा परत आलेल्याकडे जायचं कुणी ठरवून का देत नाही? घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे आणि महिनेच सगळ्यात जोखमीचे असतात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

त्याच्यासोबत एसटीनं बारामतीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात. पणदरे मागे पडेपर्यंत गप्प होता. गोळ्या बंद करायच्या म्हणत होता: तोंड कोरडं पडतं, गुण काही नाही, आणि मावशी म्हणतात सवय लागेल. डॉक्टरांनी घाई केली नाही. नैराश्यावरच्या या गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो, गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. समुपदेशकांनी त्याच्याकडूनच एक कागद लिहून घेतला: विचार सुरू होण्याची खूण काय, तेव्हा काय करायचं, कुणाला उठवायचं, कोणता नंबर लावायचा. पहिलं नाव त्यानं भावाचं लिहिलं, दुसरं शाळेपासूनच्या मित्राचं. कागद पाकिटात घडी करून ठेवला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

टेलिमानस हेल्पलाइन सुरू होऊन आज दोन वर्षं झाली. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. परवा रात्री त्यानं तो लावला. वहिनी सांगत होत्या, अर्धा तास बोलला, मग भावाला उठवलं, दोघांनी चहा करून घेतला. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ लावायचा, तेही वहिनींना पाठ करून दिलंय.

कृषी सेवा केंद्राच्या मालकांना नंबराची पाटी लावा म्हटलं. गिऱ्हाईक काय म्हणेल, अशी त्यांना शंका. शेवटी काउंटरच्या बाजूला, औषधाची बिलं जिथं फाडतात तिथंच त्यांनी चिकटवली.

निघताना शेजारच्या काकूंनी हाक मारली. पोरगी बारावीला, आठवडाभर जेवत नाही, वह्या-पेन मैत्रिणींना देऊन टाकतेय. "तुम्ही येऊन विचारता का?" येते म्हटलं, पण रात्रभर थांबू नका, आत्ताच जवळ बसा आणि स्पष्ट विचारा, जीव नकोसा झालाय का. रागावू नका, उपदेश नको, ऐकून घ्या. हो म्हणाली तर एकटीला सोडू नका आणि लगेच मला फोन करा. फोन उशाशी घेऊन झोपते.